जुन्या पिकअपचा मीटर बदलताना: काट्याआधी सेंडर आणि अर्थिंग बघा

यावलकडच्या एका केळी बागायतदार भाऊंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २००५ सालची डिझेल पिकअप आहे. स्पीडोमीटर केबलवर चालणारा, आरपीएमचा काटा मुळातच नाही. डिझेलचा काटा नाचतो, रात्री हेडलाइट लावला की टेम्परेचरचा काटा जागचा हलतो, मीटरच्या आतले दिवे अंधूक झालेत. गेल्या उन्हाळ्यात केळी भरून संभाजीनगरला जाताना कन्नड घाटात रेडिएटर उकळला आणि तेव्हा टेम्परेचरचा काटा मध्यावरच उभा होता. आता जुन्या बाजारातून नव्या मॉडेलचा डिजिटल मीटर आणून बसवावा असं त्यांच्या मनात आहे. तो बसेल का, आणि बसत नसेल तर काय करावं, असं ते विचारतात.

भाऊ, नव्या मॉडेलचा मीटर आणू नका. तुमच्या गाडीत प्रत्येक काट्याला स्वतःची वेगळी वायर आहे. टाकीतून एक वायर येते, इंजिनवरून एक येते आणि स्पीडसाठी गिअरबॉक्सवरून केबल येते. बीएस-४ आणि त्यातही एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नियमांचे टप्पे) गाड्यांत बहुतेक माहिती इंजिनच्या कॉम्प्युटरकडून दोन पिळलेल्या वायरींवरून संदेशाच्या रूपात मीटरपर्यंत जाते. त्याला कॅन म्हणतात. तुमच्या इंजिनवर तो कॉम्प्युटरच नाही, तर संदेश पाठवणार कोण? कपलर कापून जोडला तरी काटे शून्यावर आणि सगळे लाल-पिवळे दिवे पेटलेले, एवढंच दिसेल. बसवून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर पैसे देण्याआधी त्याला टेम्परेचरचा काटा टेबलावर चालवून दाखवायला सांगा.

दुसरा पर्याय म्हणजे ऑनलाइन मिळणारा सार्वत्रिक डिजिटल मीटर, सगळं एका स्क्रीनवर दाखवणारा. असे मीटर आपल्या गाड्यांना चालतात, त्यांच्यासोबत स्वतःचे सेंडरही (टाकीत किंवा इंजिनवर बसून माप काट्याला कळवणारे भाग) येतात. तरीही आपल्या भागासाठी मी तो सुचवत नाही. भुसावळ-जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा ४५ च्या आसपास असताना काच बंद करून उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर सहज जातो. साध्या एलसीडी स्क्रीनची मर्यादा साधारण तिथेच संपते. त्यापुढे स्क्रीन काळी पडते आणि गार झाल्यावरच परत दिसायला लागते. म्हणजे ज्या दुपारी तुम्हाला टेम्परेचर बघायची सर्वांत जास्त गरज, त्याच दुपारी अर्धा तास आकडे दिसणार नाहीत. शिवाय आपल्या उन्हात स्वस्त स्क्रीन वाचताच येत नाही. काट्याचं तसं होत नाही, तिरप्या नजरेलाही तो कळतो.

म्हणून माझं मत असं: जुना मीटर तसाच ठेवा, तो खोलून नीट करा, आणि त्याच्या शेजारी ५२ मिलिमीटरचे दोन चांगले काट्याचे गेज बसवा. एक टेम्परेचरचा, दुसरा ऑइल प्रेशरचा. त्यावर नुसतं सी आणि एच (कोल्ड-हॉट) नको, आकडे असलेलेच घ्या. पैसे उरले तर तिसरा व्होल्टमीटर. डिझेल पिकअपवर खर्च करायचा तर तो इंजिन वाचवणाऱ्या काट्यांवर करा.

आता घाटात उकळताना काटा मध्यावर का होता, ते सांगतो. तुमच्या सगळ्या प्रश्नातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे. टेम्परेचरचा सेंडर म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होणारा एक छोटा मणी, पितळी बॉडीत बसवलेला. तो पाण्याचं तापमान सांगतो, पण पाण्यात बुडालेला असेल तरच. होज फुटून किंवा झाकणातून वाफ जाऊन पाणी त्याच्या पातळीखाली गेलं की तो वाफेत आणि हवेत लटकतो. हवा पाण्याइतकी उष्णता त्याला देत नाही, त्यामुळे काटा खाली येतो किंवा मध्यावर थांबतो. इकडे सिलिंडर हेड मात्र तापतच असतं. बरेच ड्रायव्हर काटा खाली आलेला बघून गाडी गार झाली समजतात आणि पुढे दामटतात. हेड वाकतं ते तिथे. तुमच्या बाबतीत आधी पाणी कमी झालं की आधी उकळलं, हे आता सांगता येणार नाही, पण नवा गेज बसवला तरी हा दोष राहणारच, कारण तो सेंडरच्या जागेचा दोष आहे.

त्यावर इलाज दोन आहेत. रेडिएटरच्या वरच्या टाकीत पाण्याची पातळी बघणारा सेन्सर आणि त्याला बझर. किंवा धातूचं तापमान मोजणारा कडीच्या आकाराचा सेन्सर, जो हेडवरच्या एखाद्या छोट्या बोल्टखाली दाबून बसतो. हेडच्या मुख्य बोल्टखाली तो कधीच घालायचा नाही, टॉर्क बिघडतो. पाणी असो वा नसो, हा सेन्सर लोखंड किती तापलं तेच सांगतो. मला दुसरा जास्त आवडतो. बझर मात्र दोन्हीत हवाच, कारण घाटात समोरून येणारी बस बघायची की काटा, असा प्रश्न पडला की माणूस बस बघणार आणि तेच बरोबर आहे.

सेंडरबद्दल आणखी एक गोष्ट. आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी टाकायची सवय आहे. त्या क्षारांचा पांढरा थर सेंडरच्या टोकावर बसतो आणि काटा उशिरा व कमी उठतो. गाडी पूर्ण गार असताना सेंडर काढा, एका भांड्यात पाणी, थर्मामीटर आणि मल्टीमीटर घेऊन बसा. पाणी गरम करत जा आणि ४०, ६०, ८०, ९५ अंशांवर रोध किती दाखवतो ते लिहा. आकडा सलग उतरत गेला पाहिजे. मध्येच थांबला किंवा उडी मारली तर सेंडर बदला. परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर चढवू नका. एका वायरीचा सेंडर आपली अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट, आट्यांतूनच इंजिनकडून घेतो, जाड टेपने तीच कमजोर होते.

अर्थचा विषय निघालाच आहे तर तोच आधी संपवू. हेडलाइट लावल्यावर टेम्परेचरचा काटा हलतो, असं तुम्ही लिहिलंय. इंजिनच्या तापमानाचा आणि हेडलाइटचा काही संबंध नाही, म्हणून काटा हलला की मीटरच्या अर्थवर संशय घ्यायचा. जुन्या गाडीत मीटर, दिवे, वायपर यांच्या अर्थ वायरी एकाच बोल्टवर आणलेल्या असतात. त्या बोल्टखाली गंज आणि रंग असतो. हेडलाइटचा मोठा करंट त्या गंजातून जायला लागला की मीटरची अर्थ शून्य व्होल्टवर राहत नाही, अर्धा-एक व्होल्ट वर उचलली जाते आणि सगळे काटे खोटं दाखवतात.

हे तपासायला मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, लाल पिन मीटरच्या मागच्या अर्थ पिनवर. चावी ऑन, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक. त्यावर गेला तर नवीन वायर ओढा. मीटरपासून थेट बॅटरी निगेटिव्हपर्यंत २.५ स्क्वेअर मिलिमीटरची स्वतंत्र वायर, टोकाला नीट दाबलेलं थिंबल (बोल्टखाली बसणारं धातूचं टोक). तीच तपासणी इंजिन ब्लॉकवर लाल पिन ठेवून करा. इंजिन आणि चासी यांच्यामधली जाळीची पट्टी तुटलेली असेल तर सेल्फ मारताना सगळा करंट मिळेल त्या वाटेने परत जातो, कधी अॅक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी मीटरमधून. ही पट्टी स्वस्त मिळते आणि मीटरचे बरेचसे वायफळ आजार तिच्यामुळे जातात. पत्रा घासून चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, वरून पेट्रोलियम जेली लावा.

अर्थ ठीक झाल्यावर मगच मीटर बाहेर काढा. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा आणि मागच्या बाजूचा फोटो घ्या. तुमच्या जमान्याच्या काही मीटरमध्ये एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. जुने काटे तापणाऱ्या दुहेरी धातूपट्टीवर चालतात. चावी लावल्यावर काटा एकदम न उडता हळूहळू वर येतो, ती ओळख. बॅटरी १२.६ व्होल्टवर असते आणि इंजिन चालू झाल्यावर १४ च्या आसपास जाते, त्या फरकाने काटे चुकू नयेत म्हणून हा स्टॅबिलायझर त्यांना सरासरी एकच दाब देतो, कुठे १० व्होल्ट, कुठे त्याहून कमी. तो अडकला किंवा त्याची अर्थ गेली की डिझेल आणि टेम्परेचर दोन्ही काटे एकदमच चढलेले दिसतात. दोन काटे एकत्र चुकत असतील तर दोष त्या दोघांच्या सामाईक भागात, एकटाच चुकत असेल तर त्याच्या सेंडरमध्ये किंवा वायरीत, इतकं लक्षात ठेवलं तरी निम्मी शोधाशोध वाचते. जुन्या पट्टीच्या स्टॅबिलायझरच्या जागी तितक्याच व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवता येतो. नवे गेज मात्र त्याच्यावर जोडू नका, ते थेट १२ व्होल्टवर चालतात.

डिझेलचा काटा. पारोळा-अमळनेरकडचे ड्रायव्हर येऊन सांगतात, "काटा वर जास, खाले येस." रस्त्याच्या हिसक्याबरोबर काटा असा नाचत असेल तर टाकीतल्या फ्लोटची (डिझेलवर तरंगणारा सेंडर) रोधाची पट्टी झिजलेली असते. खात्री करायला टाकीकडून येणारी सेंडरची वायर काढा. काटा एका टोकाला जाईल. ती वायर क्षणभर अर्थला लावा, काटा दुसऱ्या टोकाला निघेल. तो निघाला की वायर लगेच काढा. दोन्हीकडे जातोय म्हणजे गेज आणि वायर चांगली, फ्लोट खराब. ही तपासणी टाकीच्या तोंडापासून लांब, पुढच्या जोडावर करा. फ्लोट काढायचा तर टाकी रिकामी करून, जवळ विडी-काडी नको.

नवीन डिझेल गेज घ्यायचा झाला तर फ्लोटचा रोध रिकाम्यात किती आणि भरलेल्यात किती, हे आधी मोजा. बाजारात १० ते १८० ओहमचे गेज आहेत, २४० ते ३३ चेही आहेत. पहिल्यात टाकी भरली की आकडा वाढतो, दुसऱ्यात कमी होतो. चुकीची जोडी लागली तर टाकी भरल्यावर काटा रिकाम्याकडे जातो. दुकानदाराला गाडीचं नाव सांगून गेज मागण्यापेक्षा ओहमचे दोन आकडे सांगून मागा. टेम्परेचर आणि ऑइलच्या गेजबाबत तर माझा आग्रहच आहे, गेज आणि सेंडर एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले घ्या.

ऑइल प्रेशर. तुमच्या गाडीत सध्या फक्त लाल दिवा आहे. तो दिवा एका स्विचवर चालतो, जो साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली प्रेशर गेल्यावर लागतो. लोड घेऊन धावणाऱ्या इंजिनाला त्याच्या कित्येक पट प्रेशर लागतं. म्हणजे दिवा लागेपर्यंत बेअरिंगला जे व्हायचं ते होऊन जातं. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे साधारण १० पीएसआय (प्रेशरचंच दुसरं एकक), हा जुना अंदाज अजूनही कामाचा आहे. गेज बसवताना स्विच काढून टाकू नका. टी-जोड वापरा, एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला गेजचा सेंडर. ब्लॉकवरचे आटे कोणत्या मापाचे आहेत ते मोजून जोड आणा. जवळपासच्या मापाचे आटे हाताने तीन फेरे जातात आणि मग पान्याने ब्लॉकच फाडतात. बारीक नळीतून तेल थेट केबिनमध्ये आणणारे यांत्रिक गेजही मिळतात. मी ते टाळतो, गरम तेलाची नळी पायावर फुटण्याचा धोका कशाला घ्यायचा? टी-जोडावर वजन लटकून कंपनाने तो तुटतो, म्हणून सेंडर जड असेल तर छोट्या लवचीक होजने तो बाजूला क्लँप करा. पण मग अर्थची वेगळी वायर द्यावी लागेल.

अंधूक दिव्यांसाठी एलईडी टाकायला हरकत नाही. एलईडीला प्लस-मायनस असतं, लागला नाही तर फिरवून बसवा. पण बॅटरीचं चित्र असलेला चार्जिंगचा दिवा सोडून. तिथे जुना फिलामेंटचा बल्बच राहू द्या. त्या बल्बमधून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरच्या रोटरला पहिली चेतना देतो. एलईडीतून तेवढा करंट जात नाही, मग इंजिन चालू होऊनही रेस देईपर्यंत चार्जिंग सुरू होत नाही, आणि लोक बिचाऱ्या अल्टरनेटरवाल्याकडे जातात. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावा.

स्पीडोमीटर केबलचाच ठेवा. किरकिर करत असेल आणि काटा थरथरत असेल तर आतली तार काढा, डिझेलने धुवा, पातळ ग्रीस लावा. मीटरकडचं शेवटचं वीतभर टोक कोरडं ठेवा, नाहीतर ग्रीस फिरत फिरत मीटरमध्ये चढतं आणि काटा चिकटतो. केबलला कुठे तीव्र वळण नको. टायरचं माप बदललं असेल तर स्पीड चुकणारच. सपाट रस्त्यावर ४० आणि ६० च्या वेगाला मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा. जुना मीटर अगदीच गेला असेल आणि त्याच प्रकारचा दुसरा शोधत असाल, तर डायलवर बारीक अक्षरात किलोमीटरमागे केबलचे किती फेरे ते छापलेलं असतं. जपानी पद्धतीच्या मीटरवर तो आकडा ६३७ असतो. तुमच्या डायलवर जो असेल तोच नव्यावर हवा. गाडीला वेगमर्यादक लावलेला असेल तर तो सिग्नल कुठून घेतो ते आधी बघा, त्याचं सील तोडू नका.

आरपीएमचा काटा हवाच असेल तर डिझेल इंजिनला इग्निशन कॉइल नाही, म्हणून सिग्नल अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घ्यावा लागतो. तुमच्या अल्टरनेटरला तो नसेल तर अल्टरनेटर दुरुस्त करणारा स्टेटरच्या एका फेजवरून वायर काढून देतो. सहा पोल-जोड्या आणि पुलीचं प्रमाण दोनास एक असेल तर इंजिनच्या एका फेऱ्याला १२ पल्स होतात, त्या हिशोबाने गेज सेट करायचा. डिझेलसाठी असलेलाच टॅकोमीटर घ्या.

नव्या गेजचा पॉझिटिव्ह चावीनंतरच्या लाइनवरून, स्वतंत्र ५ अँपिअरच्या फ्यूजमधून. वायर १ स्क्वेअरची पुरे. जोड पिळून टेप मारू नका, उन्हात टेपचा डिंक वितळतो. दाबून थिंबल, वर आकसणारी स्लीव्ह, आणि पूर्ण वायरिंग कोरुगेटेड पाइपमध्ये, कारण शेतात उभ्या गाडीत उंदीर शिरतोच. बॅटरी उतरली तर ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंपस्टार्ट करू नका. मागच्या हौद्याला किंवा कॅरिअरला वेल्डिंग करायचं असेल तेव्हा बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढून ठेवा.

कागदाचंही बघा. स्पीडोमीटर चालू असणं केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ११७ खाली येतं, आणि तुमच्या वयाच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं. मीटर बदललाच तर जुन्याचं आणि नव्याचं किलोमीटर, तारखेसह, सर्व्हिसच्या वहीत लिहा आणि दोन्हींचे फोटो ठेवा. पुढे गाडी विकताना घेणाऱ्याला ते दाखवा.

सगळं बसल्यावर आधी रिकामी, मग लोड भरून गाडी चालवा आणि आकडे लिहून घ्या. बऱ्याच डिझेल इंजिनांचा थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८२ अंशांच्या आसपास उघडतो, सपाटीला काटा ८५ ते ९५ मध्ये बसला पाहिजे. कन्नड घाटात थोडा चढेल आणि वर पोचल्यावर काही मिनिटांत उतरेल. १०५ च्या पुढे जाऊन तिथेच थांबला, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन आयडलवर ठेवा, आणि झाकण गरम असताना उघडू नका. तसं पुन्हा झालं तर मीटरच्या मागे लागू नका, तो आता खरंच सांगतोय. फॅनचा पट्टा, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ-कचरा, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकण या क्रमाने बघत जा. बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या नळ्या आतून भरल्या असतील तर तो खोलून साफ करून घ्या आणि भरताना कूलंटच भरा.